स्थानिक इतिहास मंडळाचा कागदपत्र-संग्रह : आहे त्या क्रमाने ठेवावा की विषयवार लावावा?

नौपाडाकर

नमस्कार. ठाण्यातील एका छोट्या इतिहास मंडळाचा मी कार्यकर्ता आहे. शहराच्या इतिहासावर आयुष्यभर काम केलेल्या एका दिवंगत शिक्षकांचा सगळा संग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी नुकताच मंडळाकडे सोपवला. त्यात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, खाडीकाठच्या एका मिठागराच्या हिशेबवह्या आहेत, नगरपालिकेच्या जुन्या सभांची छापील इतिवृत्ते, जत्रांची आणि नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके, छायाचित्रे, वृद्ध रहिवाशांच्या मुलाखतींच्या कॅसेटी आणि गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिलेल्या टिपणांचे गठ्ठेही आहेत. पत्र्याच्या ट्रंकांत हे सारे ज्या रीतीने लावलेले होते ती रीत आम्हांला नीटशी उलगडलेली नाही. एका रुमालात तर इनामपत्राची नक्कल, त्याखाली १९५०च्या दशकातील वर्तमानपत्राचे कात्रण आणि त्याखाली एक लग्नपत्रिका निघाली.

कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एका गटाचे म्हणणे असे की सगळे बाहेर काढून किल्ला, तलाव, रेल्वे, देवळे, मिठागरे असे विषयवार गठ्ठे करावेत, कारण येणारा वाचक विषय घेऊनच येतो. दुसरा गट म्हणतो की गुरुजींनी लावले तसेच राहू द्यावे. याखेरीज आणखी दोन प्रश्न आहेत : हे कागद कुणाला आणि कोणत्या अटींवर पाहू द्यावेत, आणि आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या मंडळाने ते जवळ ठेवावेत की पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे द्यावेत. अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

रुमालबंद

दप्तरखान्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून जरा अधिकाराने सांगतो. विषयवार गठ्ठे करू नका. रुमाल सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या, सोडल्यावर वरून खाली प्रत्येक कागदाच्या पाठीमागे एका कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला, आणि त्यानंतरच कागद वाचायला घ्या. शाईचा पेन आणि रबरी शिक्का त्या टेबलावर दिसताच कामा नये.

कारण साधे आहे. मिती नसलेला कागद मिती असलेल्या दोन कागदांच्या मध्ये सापडला, तर त्या जागेवरून त्याचा काळ निदान अंदाजाने ठरवता येतो. तो उचलून 'तलाव' या गठ्ठ्यात टाकला की तो पुरावा गेला, आणि पुन्हा मिळवण्याचा मार्ग उरत नाही. विषयवार मांडणी जरूर करावी, पण ती सूचीत करावी, कपाटात नव्हे. एकच कागद सूचीत किल्ला, तुरुंग आणि तलाव अशा तिन्ही मथळ्यांखाली नोंदवता येतो. कपाटात तो एकाच जागी राहू शकतो.

इनामपत्र, कात्रण आणि लग्नपत्रिका ही त्रयी तुम्हांला विचित्र वाटली, मला मुळीच वाटली नाही. तिन्हींवरचे आडनाव पाहा. माझा तर्क असा की गुरुजी एका इनामदार घराण्याची वंशावळ जुळवत होते. कात्रणात त्या जमिनीचा वाद असेल आणि लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून तीन पिढ्यांची नावे ओळीने छापलेली असतील. जुन्या लग्नपत्रिकेइतका सुबक वंशवृक्ष सरकारी दप्तरातही मिळत नाही.

पिक्सेल_कळवा

रुमालबंदजींबद्दल आदर ठेवून लिहितो, की ही चर्चा वीस वर्षे उशिरा चालली आहे. क्रमाचा प्रश्न कागदापुरता होता. चारशे डीपीआयवर सगळे स्कॅन करावे, मूळ प्रती टिफमध्ये आणि वाचकांसाठी हलक्या प्रती पीडीएफमध्ये ठेवाव्यात, दोन वेगळ्या हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरांत असाव्यात आणि सगळे महाजालावर खुले करावे. मग ज्याला जो क्रम हवा तो त्याने लावून घ्यावा. राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल' उघडल्यापासून घरबसल्या कितीतरी कागद पाहता येतात. दोन खोल्यांच्या मंडळाला तर याहून स्वस्त उपाय नाही.

उधारखाते

गुरुजींच्या ट्रंकेत आमच्या आजोबांनी वाचनालयातून आणलेले आणि गुरुजींनी 'दोन दिवसांसाठी' नेलेले एक पुस्तक असण्याची दाट शक्यता आहे. दाखल नोंदवहीत त्याची स्वतंत्र नोंद व्हावी. दंडाची रक्कम काढायला घेऊ नये.

मोडीखुळा

पिक्सेलजी, स्कॅन कराच, पण त्या फाइलला नाव काय देणार? कॅमेऱ्याने दिलेला आकडा तसाच राहिला, तर ट्रंकेतला गोंधळ हार्ड डिस्कवर जाईल, इतकाच फरक पडेल. नाव द्यायचे तर कागद वाचावा लागतो, आणि वाचण्याचे काम यंत्र अजून तरी आपल्यासाठी करत नाही.

एक उदाहरण देतो. पेशवेकालीन कागदावर 'सन खमस खमसैन मया व अलफ' असे असले, तर खमस म्हणजे पाच, खमसैन म्हणजे पन्नास, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, असा तो शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत वापरली जाणारी अरबी कालगणना, ११५५ झाला. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५४ येते. पण शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात आणि साल १७५५ होते. मोडीच्या धावत्या हातात 'मया'च्या जागी 'मयातैन' वाचले गेले, तर एका अक्षरात शंभर वर्षे पुढे गेलो. मग पेशव्यांच्या काळातली तक्रार इंग्रज कलेक्टराच्या काळातली ठरते आणि त्यावर कुणीतरी लेखही लिहून मोकळा होतो.

दुसरे असे की स्कॅन करणारी मंडळी कागदाची पाठ कोरी समजून सोडून देतात. पत्र पोचल्याची नोंद, म्हणजे 'पै॥ छ' असे लिहून घातलेली पैवस्तीची तारीख, पुष्कळदा पाठीवरच असते. पत्र लिहिले कधी आणि हाती आले कधी, यांतले अंतर युद्धाच्या किंवा साथीच्या दिवसांत फार बोलके असते. शेवटच्या ओळीखाली 'मोर्तब सुद', म्हणजे मजकूर पुरा झाल्याची खूण, आहे की नाही हेही पाहावे लागते. चौकट नीट दिसावी म्हणून कडा छाटलेले स्कॅन मी पाहिले आहेत, त्यांत नेमका मोर्तबाचा शिक्का अर्धा कापला गेला होता. तेव्हा दोन्ही बाजू, चारही कडा आणि शेजारी मोजपट्टी, एवढे तरी पाळावे.

वाचकांची उणीव मात्र वाटते तितकी नाही. पुराभिलेख विभाग मोडीची परीक्षा घेतो आणि ती उत्तीर्ण झालेली पुष्कळ मंडळी घरी सरावाला कागद नाहीत म्हणून हळहळत बसलेली असतात.

पिक्सेल_कळवा

पाठीचा मुद्दा मान्य. खुले करण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही.

तीस_वर्षे

वकिलीच्या अंगाने दोन गोष्टी मांडतो, कारण 'सगळे खुले करा' हे वाक्य ऐकायला जितके उदार आहे तितकेच ते लिहून देताना महाग पडू शकते.

पत्र ज्याच्या हाती आले तो त्या कागदाचा मालक असतो. मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांकडे राहतो. आपल्या १९५७च्या कायद्यानुसार हा हक्क साधारणपणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनाची मुदत तर प्रसिद्धीपासून मोजली जाते. म्हणजे गुरुजींची टिपणे, त्यांना इतरांनी लिहिलेली पत्रे आणि मुलाखतींच्या कॅसेटी या तिन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागेल. कुटुंबीयांकडून नुसते 'संग्रह दिला' असे पत्र घेऊन भागणार नाही. दानपत्रात वस्तूंची यादी, मालकी मंडळाकडे आली की केवळ सांभाळण्यासाठी ठेव म्हणून दिली, प्रती काढण्याची आणि प्रसिद्ध करण्याची मुभा, आणि मंडळ बंद पडल्यास संग्रह कुणाकडे जाईल, हे स्वच्छ लिहिलेले असावे. शेवटचे कलम लोक अपशकुन समजून टाळतात, आणि वादाला तोंड नेमके तिथूनच फुटते.

दुसरी गोष्ट ताब्याची. तीस वर्षांहून जुना मूळ दस्तऐवज योग्य ताब्यातून न्यायालयापुढे आला, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते. पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये ही तरतूद होती आणि २०२३च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. तो कागद कुणाच्या घरातून, कोणत्या तारखेला, कुणाच्या हातून मंडळाकडे आला, हे नोंदवहीत नसेल, तर 'योग्य ताबा' सिद्ध करताना तारांबळ उडते. तेव्हा रुमालबंदजी म्हणतात तो क्रम केवळ इतिहासकारांच्या हौसेचा विषय आहे असे कुणी समजू नये.

वाशीगावकर

तीस_वर्षे यांनी कागदांच्या ताब्याचा विषय काढला, म्हणून इतके दिवस वाचनमात्र असलेला मी लिहायला बसलो.

आम्ही खाडीपलीकडचे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतली ९५ गावे नव्या शहरासाठी नेमली गेली, त्यांतल्या एका गावात माझे घर आहे. आमच्याकडे इतिहास दप्तरखान्यात नसतो, माळ्यावरच्या पेटीत असतो. संपादनाच्या नोटिसा, निवाड्याच्या प्रती, मोबदल्याच्या पावत्या, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या सभांची हस्तपत्रके, जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले त्या दिवसांतली कात्रणे आणि संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी केलेल्या अर्जांच्या फायली, हे सगळे त्या एकाच पेटीत असते. काही घरांत याच्याही आधीचे कागद आहेत. खाडीचे पाणी अडवून बांध घालायचा, पाणी सोडायला उघाडी (झडप) बसवायची, खारट जमीन पावसाच्या पाण्याने गोडी करत न्यायची आणि मग तिच्यात राता भात पेरायचा, ही आमच्या पूर्वजांची शेती. अशा जमिनीला शिलोत्री म्हणत. बांधाला खांड पडली की कुणी किती माणसे पाठवायची, खर्च कसा वाटून घ्यायचा, याचे हिशेब एखाद्या साध्या वहीत लिहिलेले सापडतात. सरकारी दप्तरात सारा किती आणि क्षेत्र किती एवढेच मिळते. भरतीच्या रात्री कोण बांधावर गेला आणि कोण गेला नाही, हे फक्त त्या वहीत मिळते.

आता मूळ मुद्दा. फार वर्षांपूर्वी एक गृहस्थ संशोधन करतो म्हणून गावात आले. गोड बोलून माझ्या चुलत्यांकडून जुन्या सनदेची मूळ प्रत आणि काही छायाचित्रे घेऊन गेले. ना पावती, ना पत्ता. ती सनद पुन्हा दिसली नाही, आणि पुढे वारसांच्या वादात तिची गरज पडली तेव्हा आमच्या हाती काहीच नव्हते. त्यामुळे कुठलेही मंडळ गावात आले की आता म्हातारी माणसे पेटीला कुलूप घालतात. तुम्ही मोठ्या संस्थेला द्यायचे की नाही ही चर्चा करता आहात. आमच्या दृष्टीने ठाण्याचे मंडळ हीच मोठी संस्था आहे. गुरुजींच्या ट्रंकांत अशा परत न केलेल्या मूळ प्रती आहेत का, हे आधी तपासावे, आणि असतील तर ज्या घरातल्या त्या घरी पोचवाव्यात.

नौपाडाकर

वाशीगावकरदादा, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही सुचला नव्हता. आज संध्याकाळी दोन ट्रंका या नजरेने पाहिल्या. गुरुजींनी काही पाकिटांवर 'परत करणे' असे लिहून गावाचे नाव घातले आहे. काहींवर नुसतेच गावाचे नाव आहे. ही पाकिटे बाजूला न काढता, जागेवरच ठेवून, त्यांची वेगळी यादी करत आहोत.

जाता जाता, रुमालबंदजींचा तर्क बरोबर निघाला. इनामपत्र, कात्रण आणि लग्नपत्रिका, तिन्हींवर आडनाव एकच आहे. कात्रणातली बातमी मात्र जमिनीच्या वादाची नसून त्याच घराण्यातल्या एकाने शाळेला दिलेल्या देणगीची आहे.

रुमालबंद

पन्नास टक्के गुण पुरेत. सरकारी नोकरीत याहून कमी गुणांवर बढती मिळालेली पाहिली आहे.

संदर्भशोधक

मी उत्तर कोकणातील स्थानिक स्वराज्य संस्थांवर प्रबंध लिहिते आहे. संग्रह वापरणाऱ्या वाचकाची बाजू कुणी मांडलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

ठाण्याच्या इतिहासाची साधने एका जागी नाहीत आणि ती एका जागी येण्याची शक्यताही नाही. शिलाहार राजा अरिकेसरीचा १०१७ सालचा ताम्रपट १७८७ मध्ये इथल्या किल्ल्याजवळ खोदकामात मिळाला, आणि त्याचा अनुवाद कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीने छापला. पोर्तुगीज अमलाची साधने पाहायची तर पोर्तुगीज अधिकारी सिमाँव बोतेल्यूने १५५४ मध्ये केलेल्या महसुली नोंदींपासून सुरुवात करावी लागते, आणि पुढची पायरी म्हणजे १५९५ पासून चालत आलेले गोव्याचे अभिलेखागार. १७३७ मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, तेव्हापासूनचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात पाहावे लागतात. १७७४ अखेर तो इंग्रजांनी घेतला, त्यानंतरचे मुंबईच्या अभिलेखागारात, ज्याची सुरुवात १८२१ची आहे. त्यात जिल्ह्याची हद्दही सरकत राहिली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, त्यामुळे अंधेरी किंवा डहाणूविषयी जुने काही शोधायचे असले तरी ठाण्याचेच दप्तर चाळावे लागते.

या सगळ्यांत जे कुठेच मिळत नाही ते तुमच्या ट्रंकांत आहे. १८८२च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये मिठागरांवर भरपूर मजकूर आहे, पण तो सरकारच्या नजरेचा, म्हणजे उत्पादन, कर आणि चोरटा व्यापार यांचा. मिठागराच्या मालकाने लिहिलेल्या वहीत मजुरांना आगाऊ किती दिले, अवकाळी पावसात किती मीठ विरघळले, होडीचे भाडे कुणाला दिले, हे असू शकते. वाशीगावकर यांनी वर्णन केलेली बांधाची वही आणि ही मिठागराची वही एकाच खाडीच्या दोन काठांवरच्या असतील, तर दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला जे सापडेल ते कुठल्याच छापील ग्रंथात नाही.

माझी अपेक्षा माफक आहे. एका संस्थेत सूची मागितली तर 'कपाट उघडून दाखवतो' असे उत्तर मिळाले, आणि किल्ली असलेले सर रजेवर असल्याने कपाटही उघडले नाही. मला स्कॅन नको, आधी सूची द्या. तिच्यात पेटी, रुमाल आणि कागद यांचे क्रमांक असू द्या, म्हणजे तळटीप देता येईल आणि माझ्यानंतरच्या वाचकाला तोच कागद पुन्हा काढता येईल. सूचीत काय नाही हेही लिहावे. अमुक सालची इतिवृत्ते नाहीत, एवढी एक ओळ वाचकाचा आठवडा वाचवते.

चेंदणी_कोळीवाडा

'किल्ली असलेले सर' ही संस्था महाराष्ट्रात सर्वत्र आहे. तिच्या शाखांची सूची कुणीतरी करावी.

जुनेतेसोने

थोडा कडू सूर लावतो. १९६०च्या पुढचे कागद मंडळाने स्वीकारूच नयेत असे माझे मत आहे. ठाण्यात माणसाला राहायला जागा परवडत नाही, तिथे वाढदिवसाच्या स्मरणिका आणि सोसायट्यांचे अहवाल कोण सांभाळणार? मोडी कागद आणि किल्ल्याचे नकाशे ठेवावेत, बाकी रद्दी समजावी. निवड करण्याचे धैर्य नसले की संग्रहाचे कोठार होते.

संदर्भशोधक

जुनेतेसोने, निवड हवी हे मान्य, पण साल हा निकष चालणार नाही. इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. काम अजोड आहे, पण निवडीचा कल त्या काळाला साजेसा राजकारणाकडे अधिक होता. आज ज्याला गावगाडा, बाजारभाव किंवा स्त्रियांचे व्यवहार अभ्यासायचे आहेत त्याला खंड बाजूला ठेवून पुन्हा रुमालांकडेच जावे लागते. ते रुमाल कुणी रद्दीत काढले नाहीत म्हणून ही सोय राहिली. वागळे इस्टेटमधल्या बंद झालेल्या कारखान्यांच्या कामगार संघटनांची पत्रके आज रद्दी वाटतात. आणखी तीस वर्षांनी ठाण्याच्या औद्योगिक इतिहासावर कुणी लिहायला बसले, तर ती कुठे मिळणार?

जुनेतेसोने

संघटनांची पत्रके ठेवा. वाढदिवसाच्या स्मरणिकांवर मी ठाम आहे.

पावसाळी

जागेचा प्रश्न निघालाच आहे तर हवेचाही काढतो. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता इतकी असते की ट्रंक बंद ठेवली तर बुरशी आणि उघडी ठेवली तर कसर. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद घट्ट बांधू नका, आत ओल कोंडते. कपाट भिंतीला चिकटवून न ठेवता मधून हवा खेळेल इतके पुढे घ्यावे, आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा सोडावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा माझ्या माहितीतल्या एका वाचनालयाचे खालचे दोन कप्पे लगदा झाले होते. त्या कप्प्यांत दिवाळी अंक नव्हते, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या होत्या.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरासकट निघतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. पातळ टिश्यू कागद आणि शिजवलेली पातळ खळ पुरते, तीही शिकलेल्या हातांनी लावावी. रुमालात वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालण्याची जुनी रीत वाईट नाही, पण पाला पूर्ण वाळलेला असावा आणि कागदाला थेट लागू नये. कॅसेटींकडे मात्र आधी लक्ष द्या. कागद आणखी पन्नास वर्षे थांबेल, फीत थांबणार नाही. चांगल्या स्थितीतला टेप मिळवून, फिती हाताने मोकळ्या फिरतात का ते पाहून, त्यांची नक्कल पहिल्यांदा करून घ्या.

मोडीखुळा

कॅसेटींबद्दल +१. मात्र ज्यांच्या मुलाखती आहेत त्यांनी गुरुजींवर विश्वास ठेवून शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे घेतलेली असणार. नक्कल करा, पण ऐकू देण्यापूर्वी कुणीतरी जबाबदार माणसाने पूर्ण ऐकावे.

तीस_वर्षे

आणि वारसांना कळवावे. चालू दाव्यांतल्या जमिनींचे कागद काही काळ बंद ठेवण्याचा अधिकार दानपत्रात राखून घ्यावा. बंद म्हणजे सूचीतूनही गायब असे नव्हे. कागद आहे, पण अमुक सालापर्यंत पाहता येणार नाही, अशी नोंद ठेवली की कुणी लपवाछपवीचा आरोप करत नाही.

पिक्सेल_कळवा

ठीक आहे, 'सगळे खुले' याऐवजी 'सूची खुली, स्कॅन टप्प्याटप्प्याने' असे म्हणतो. वाशीगावकरजींना एक सुचवतो. मंडळाने पेटी गावाबाहेर नेऊच नये. स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन गावातच बसावे, मालकाच्या डोळ्यांसमोर कागद उघडावा, प्रत घ्यावी आणि कागद तिथेच पेटीत परत ठेवावा. एक प्रत पेनड्राइव्हवर घरमालकाला द्यावी. मी यंत्रासह यायला तयार आहे.

वाशीगावकर

असे असेल तर देवळाच्या सभामंडपात जागा मी मिळवून देतो. छापील पावती मात्र हवी, तोंडी नको. आणि छायाचित्रांतली माणसे ओळखायला म्हाताऱ्या बायकांना बसवा. पुरुष मंडळी होडीचे नाव सांगतील, माणसाचे नाही.

उधारखाते

मूळ धाग्यातला तिसरा प्रश्न तसाच राहिला आहे. संग्रह मोठ्या संस्थेला द्यायचा की नाही?

रुमालबंद

बरी आठवण केलीत. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले आणि त्याच्या संस्थापकांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होते, तरी १९२६च्या अखेरीस त्यांचे निधन धुळ्याला झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ व दप्तर तिथेच उभे राहिले. ज्याला गरज असते तो धुळ्याला जातो. आपल्या ठाण्याचेच पाहायचे तर वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये इथे काढले, ते मुंबईचे निघायच्या आधी. तेव्हा छोट्या गावात संग्रह राहू शकत नाही, हे काही खरे नाही.

परंतु जिद्द ही कपाटाची जागा घेऊ शकत नाही. माझे मत असे : कोरडी खोली, दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि पूर्ण झालेली दाखल नोंदवही, या तीन गोष्टी वर्षभरात जमल्या तर संग्रह ठाण्यातच ठेवा. न जमल्यास मोडी रुमाल ठेव म्हणून मोठ्या संस्थेकडे द्या, आणि देताना सगळेच एकत्र द्या. रुमाल पुण्याला, छायाचित्रे मुंबईला आणि टिपणे नातवाकडे, अशी वाटणी करू नका. गुरुजींच्या टिपणांवाचून रुमालांतला निम्मा अर्थ कळणार नाही.

नौपाडाकर

सर्वांचे आभार. काल कार्यकारिणीची बैठक झाली आणि हा सगळा धागा तिथे वाचून दाखवला. मूळ क्रम न मोडता क्रमांक घालायचे, विषयवार सूची संगणकावर वेगळी करायची आणि ती पूर्ण होईपर्यंत कागद वाचायला द्यायचे नाहीत, एवढे ठरले. शेवटच्या कलमाला माझा विरोध होता, कारण सूची पूर्ण होण्याची वाट पाहत थांबलो तर संदर्भशोधक यांचा प्रबंध आधी पूर्ण होईल. म्हणून ज्या पेटीची यादी तयार होईल ती पेटी त्याच महिन्यात खुली करावी अशी दुरुस्ती मांडली आणि ती एका मताच्या फरकाने मंजूर झाली. कॅसेटींचे काम पहिले. 'परत करणे' लिहिलेल्या पाकिटांसाठी पत्रे तयार होत आहेत. वाशीगावकरदादा, तुमच्या चुलत्यांची सनद अजून दिसलेली नाही, पण दोन ट्रंका उघडायच्या बाकी आहेत. संग्रह पुण्याला द्यायचा की नाही हे पुढच्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवू, रुमालबंदजींच्या तीन अटींसह.

नोंदवही शनिवारपासून सुरू करतो आहोत. मोडी वाचणारे दोघे जण हवे आहेत.

मोडीखुळा

एक मी. दुसऱ्याला घेऊन येतो. चहा मात्र बाहेरच्या खोलीत ठेवा.